काटा माझ्या डोक्यावर होता

मित्रांनो, मी एक जुना प्रेशर कुकर आहे, आणि बोलायला बसलो आहे तो भेदरलेल्या अवस्थेत. वस्तूंनी आपले चरित्र सांगताना चेहरा कृतार्थ ठेवावा, असा संकेत आहे. तो मला पाळता येईल असे वाटत नाही.

माझा जन्म एका सपाट चकतीतून झाला. एका यंत्राने दणका देऊन मला खोलगट केले, दुसऱ्याने काठ वळवला, आणि मग माझ्यात पाणी भरून आतून दाब देऊन मला तपासण्यात आले. मी टिकलो, म्हणून माझ्यावर पसंतीचा शिक्का बसला. बाहेरून दाब आला तर हा टिकेल का, हा प्रश्न तेथे कोणी विचारला नाही. कुकरवर असा प्रसंग येईल, हे कोणत्या शहाण्याला सुचणार होते?

पुढे मी ज्या घरी आलो, तेथे स्वयंपाक बाबा करीत. बटाटे, शेंगा, भात, हाडांचे सूप, सारे माझ्या पोटात शिजले. "ह्याच्यासारखा दुसरा नाही," ते म्हणत. "शिजलं की ओरडतो, नाही शिजलं तर गप्प बसतो. घरात एवढं सरळ बोलणारं दुसरं आहे कोण?" ही स्तुती मी खरी मानली. नंतर माझा दांडा तुटला, नवा चकचकीत कुकर आला आणि मी माळ्यावर गेलो. स्तुती करणाऱ्यांची स्मरणशक्ती फार मोठी नसते.

माळ्यावरून मला खाली काढले ते बाबांच्या मुलीने. तिने माझ्या झाकणावरची शिट्टी उपटली, तिच्या जागी आतून किती हवा ओढली गेली ते दाखवणारी एक काट्याची तबकडी बसवली, कडेला भोके पाडून दोन नळ्या जोडल्या आणि म्हणाली, "आता ह्याच्यातून हवा काढायची."

मित्रांनो, माझी पहिली भीती ती. आत वाफ असली की तिचा धीर असतो. आत काहीच नसले, तर साऱ्या जगाची हवा अंगावर येते.

हे सारे आत्यासाठी चालले होते. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. नाट्यगृहात उंच लोखंडी शिडीवर चढून दिवे बांधणे हे तिचे काम. पाठीच्या दुखण्यानंतर तिचे उजवे पाऊल उचलेनासे झाले. चालताना ते सैल पडे आणि फरशीवर फट्‌कन आपटे. पाऊल सरळ धरून ठेवणारा प्लास्टिकचा ब्रेस तिला मिळाला होता. तो शिडीच्या गजावर टाचेशी तडकला.

"मॅनेजर म्हणतो, तिकीटखिडकीत बसा," आत्या म्हणाली. "बसून काम आहे म्हणे! दादा, मी काय कुंडी आहे, एका जागी ठेवायला?"

"नव्या नाटकाआधी तुला ब्रेस करून देते," भाची म्हणाली. "कार्बनच्या कापडाचा. हलका आणि टणक. मी व्हिडिओ बघून शिकतेय."

"बघा बाई शास्त्रज्ञबाई! पाय माझा आहे, एवढं लक्षात असू दे."

कृती अशी होती. आत्याच्या पायाचा प्लास्टरचा साचा करायचा. त्यावर काळे कापड थरावर थर घालायचे, प्रत्येक थर रेझिन नावाच्या पातळ डिंकासारख्या द्रवात भिजवायचा. सगळ्यावर प्लास्टिकची पिशवी चढवून कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि पंपाने आतली हवा ओढून घ्यायची. मग बाहेरची हवा ते थर दाबून धरते, आणि रेझिन घट्ट झाले की सगळे थर मिळून एकच अंग होते. पिशवी आणि पंप यांच्या मध्ये मी. पिशवीतून जास्तीचे रेझिन वाहत आले, तर ते माझ्या पोटात पडावे, पंपात जाऊ नये, एवढीच माझी नेमणूक.

पंप घरघरला. माझ्या अंगावर चहूबाजूंनी भार आला. पूर्वी कधीतरी पडलेला माझ्या कुशीतला पोचा कुरकुरला, आणि आता मी कागदाच्या पुड्यासारखा चुरगळणार, असे वाटले. मी टिकलो. त्याचे कौतुक कोणाला? बाबा आणि भाची पिशवीला कान लावून ओणवे झाले होते.

"बाबा, इथे फुसफुसतंय."

"तो माझा श्वास आहे गं."

"मग थोडा वेळ श्वास घेऊ नका!"

गळत्या सापडल्या, दाबल्या गेल्या. तरी एखादी बारीक उरलीच. हवेचा एक नाजूक धागा पिशवीकडून माझ्याकडे येत राहिला. भाचीने काटा पाहिला, मान डोलावली आणि थंडीत रेझिन नीट घट्ट होत नाही म्हणून पिशवीवर जाडजूड रजई पांघरली. तान्ह्या बाळाला गुंडाळावे तशी. त्या क्षणापासून पिशवी कोणालाही दिसत नव्हती. दिसत होता तो काटा, आणि काटा माझ्या डोक्यावर होता.

थोड्या वेळाने तो हवेचा धागा तुटला. पिशवीकडून काहीच येईना. पंप मात्र ओढतच होता, त्यामुळे मी अधिक रिता झालो आणि काटा आणखी वर सरकला.

"बाबा, बघा! अजून वर गेला! राहिलेली गळती आपोआप बंद झाली!"

"म्हटलं नव्हतं, हा आपला कुकर गुणी आहे?"

गळती आपोआप बंद होत नसते, मित्रांनो. आपोआप बंद होतात ते रस्ते. पिशवीतल्या नळीचे तोंड ओल्या कापडावरच टेकले होते, आणि त्यात रेझिन चढून बसले होते. पंप आता केवळ मला शोषत होता. त्या चुकार फटीतून रजईखालच्या पिशवीत हवा शिरत होती आणि थर सैल पडत होते. हे त्या घरात मला एकट्याला ठाऊक होते, आणि ओरडण्याचे माझे साधन त्यांनी उपटून खिळ्यांच्या डब्यात टाकले होते. माझ्या डोक्यावर जी तबकडी होती, ती खोटे बोलत नव्हती. तिला माझी प्रकृती विचारली होती, ती तिने अचूक सांगितली. पिशवीची विचारायची होती, हे विचारणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही. माणसाने मोजमाप शोधले ते शंका घेण्यासाठी. वापरतो बहुधा ती मिटवण्यासाठी.

ब्रेस तयार झाला. जरा खडबडीत निघाला, पण चांगला कसा दिसतो हे भाचीला कोठे ठाऊक होते? तिने तो घासला, वरून रेझिनचा चकचकीत हात फिरवला. आत्याने तो बुटात बसवला आणि खोलीत ऐटीत फेरी मारली. पाऊल आपटले नाही. "शास्त्रज्ञबाई, तोंड गोड आल्यावर करीन. आज शिडीवर चढणार!" असे म्हणून ती गेली.

भाची आवराआवर करू लागली. नळी पुन्हा वापरता येईल, म्हणून तिने ती फेकून दिलेल्या पिशवीतून ओढून काढली. धूळ जावी म्हणून तिच्यात फुंकर मारली.

फुंकर गेली नाही.

तिने पुन्हा मारली. मग नळी उजेडाकडे धरली. "बाबा," ती म्हणाली, "ही कधी बुजली?"

"शेवटी बुजली असेल. काटा तर शेवटपर्यंत..." बाबांनी माझ्याकडे पाहिले. "काटा इकडे आहे."

तिने फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. "आत्या वर चढताना फोन खाली पिशवीत ठेवते, बाबा!" दोघे धावले. दार उघडेच राहिले.

त्यानंतरच्या शांततेविषयी मी काय सांगू? ओट्यावर मी होतो, माझ्या पोटात काही नव्हते, आणि तेवढ्या पोकळीत एक संपूर्ण शिडी उभी होती. तिच्या टोकाशी एक बाई, दोन्ही हात दिव्यात गुंतलेले, सारा भार उजव्या टाचेवर. त्या टाचेखालचा ब्रेस कसा घडला, ते मला माहीत होते.

किती वेळ गेला कोण जाणे. मग जिन्यात पावले वाजली. एक घाईचे. एक जड. आणि तिसरे: फट्‌, फट्‌, फट्‌.

पाऊल फरशीवर आपटत आत्या घरात आली. ब्रेस तिच्या हातात होता.

"अर्ध्या शिडीवर होते मी! खालून ही किंचाळते, 'आत्या, उतर!' सगळे नट बघायला जमले. मेल्यांना वाटलं, तालीम चाललीय." तिने ब्रेस टेबलावर आपटला. "आता काप."

"आत्या, कदाचित चांगलाही असेल. सगळं काम वाया..."

"माझं सगळं वजन ह्यावर पडणार होतं. काप, मग रड."

करवत चालली. टाचेशी काप उघडला, आणि चकाकीच्या आत थर वहीच्या पानांसारखे सुटे दिसले. आत्याने दोन थरांमध्ये नख घातले. ते सहज आत गेले. मग तिने नख बाहेर काढले आणि हळूच म्हणाली, "एवढ्या फटीत नाटकाचं तिकीट ठेवता येईल गं." हसली ती एकटीच, आणि हसता हसता खुर्चीत बसली.

दुसऱ्या खेपेस तबकडी माझ्यावरून काढून पिशवीवर, नळीपासून लांबच्या टोकाला बसवली. नळीच्या तोंडाखाली सुक्या कापडाची जाड घडी ठेवली. रेझिन लावण्यापूर्वी पंप बंद करून काटा उतरतो का, म्हणजे कोठे गळती आहे का, ते पाहिले, आणि उतरला तेव्हा चिकटपट्टी उकलून सगळे पुन्हा केले. रजई घातली, पण भाची ती वरचेवर उचलून पिशवी बोटाने दाबून बघत होती. माझ्या डोक्यावर आता रबराचे साधे बूच आहे. मला कोणी काही विचारत नाही, आणि हे मी तक्रार म्हणून सांगत नाही; हेच योग्य आहे.

तो दुसरा ब्रेस घालून आत्या आत्ता शिडीवर आहे. म्हणूनच मी भेदरलेला आहे. तो चांगला आहे, असे सगळे म्हणतात. मागच्याही वेळी म्हणत होते.

तेव्हा मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, अशी विनंती मी करणार नाही. मी गुणी आहे, असे मात्र पुन्हा कोणी म्हणू नका. कोणाचा जीव ज्यावर उभा राहणार आहे, ते पांघरूण काढून पाहा, बोटाने दाबा, आणि काटा तेथे लावा. सोयीच्या जागी तो लावलात, तर तो छान बातमी देईल, आणि वर शिडीवर असलेल्या माणसाला ती ऐकू येणार नाही.