रूपीची जागा

मसोलीहून रोज सकाळी निघताना रश्मी आपल्या दोन वर्षांच्या लेकीचा इतका साग्रसंगीत निरोप घेई, की नवरा म्हणायचा, "तलासरीला चाललीयेस की काशीला?"

तलासरीच्या एका दवाखान्यात ती समुपदेशक होती. बायका जड मनानं येत, हलक्या होऊन जात. त्या दिवशी मात्र हिरी आली ती भांडायलाच.

"म्याडम, तुमचं ऐकलं नि पोर हातची गेली! बोलत नाय माझ्याशी."

हिरी अच्छाडच्या ढाब्यावर भांडी घासायची. तिच्या दहा वर्षांच्या रूपीला वसतिगृहात जागा मिळाली आणि हिरीची झोप उडाली. म्हणून ती पंधरवड्यापूर्वी आली होती. रश्मीनं तेव्हा ठासून सांगितलं होतं, "इतक्या लहान पोरीला दूर ठेवू नका." हिरीनं वसतिगृहाला नाही कळवून टाकलं.

"वसतिगृहाचे सर बोलले, आज पाचपर्यंत जागा ठेवतो. आता काय करू?"

"अहो, पण दहाच वर्षांची ती—"

"तुमाला कोनी टाकलं व्हतं का हो?" हिरीनं सरळच विचारलं.

रश्मीनं हातातलं पेन खाली ठेवलं. मग ती हळूच म्हणाली, "टाकलं नव्हतं. नरपडला मामाकडे ठेवलं होतं. मी जेवायला बसले आणि आई मागच्या दारानं निघून गेली. मी रडू नये म्हणून."

"हां. आमच्यात पन तसंच. वसतिगृहात सोडायला जायचं, पोर खेळात गुंतली की निसटायचं."

"हिरीताई, माझं चुकलं. माझं दुखणं मी तुमच्या गळ्यात बांधलं. रूपीला काय हवंय, हे विचारलंच नाही."

"तिला? पेटी भरून, कुलूप घालून बसलीये. चावी मला देत नाय!"

दोघी हसल्या.

"मग तुमची झोप कशानं उडाली?"

"तेच... निसटून यायचं. मागं वळून बघायचं नाय."

"नका ना निसटू!" रश्मी बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. "बघा, परत मीच बोलले."

"हे बराबर बोललात," हिरी म्हणाली. "सांगून येईन. रडली तर रडली. मी पन रडेन."

घड्याळात साडेचार झाले होते. रश्मीनं टेबलावरचा फोन पुढे सरकवला. "सरांना तुम्हीच सांगा. मी मध्ये बोलणार नाही."

हिरीनं नंबर लावला. रश्मी ओठ घट्ट मिटून बसली.

"सर, रूपीची आई बोलते. येते पोर, सोमवारी... हां, मी पन येते. सर, जरा येळ थांबेन तिच्याबरोबर. चालंल ना?"