ओव्हनचं दार

दारात दादा आणि वहिनी उभे दिसले तेव्हाच धाकटीचं डोकं तापायला सुरुवात झाली होती. आज घरात ती आणि बाबा, दोघंच असायला हवे होते. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने जेवण करायचं आणि तिने हाताची घडी घालून नुसतं बघायचं, असं ठरलं होतं.

धाकटी बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. प्रयोगशाळेची नवी शाखा दूरच्या एका गावात निघत होती आणि तिथली प्रमुख म्हणून तिच्या वरिष्ठ मॅडमनी तिचं नाव पुढे केलं होतं. हो की नाही, ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. अडचण एकच होती. आई गेल्यापासून बाबांनी चहासुद्धा स्वतः केला नव्हता. "मी गेले तर तुम्ही खाणार काय?" असं तिने विचारलं, तेव्हा बाबा म्हणाले होते, "तू जा गं. माझं काय!" पण अशा आवाजात, की ऐकणाऱ्याने उचललेली बॅग मुकाट्याने खाली ठेवावी.

म्हणून तिने शोधून शोधून तयार पिठाचं हे खोकं आणलं होतं. त्याचा पाय करायचा, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेला तो इंग्रजी पद्धतीचा खारा पदार्थ. भांड्यात कांदा, मका आणि चीज पसरायचं. खोक्यातलं पीठ, अंडी आणि दूध घुसळून वरून ओतायचं. मळायला नको, लाटायला नको. ओव्हनच्या उष्णतेत पीठ आपलं आपण खाली बसतं, त्याचा तळाशी खरपूस थर होतो आणि वर अंडं-दूध मऊ जमतं. मागच्या रविवारी तिने स्वतः करून पाहिला होता आणि काचेसमोर मांडी घालून तो जमताना बघत बसली होती. अट एवढीच, की वेळ होईपर्यंत दार उघडायचं नाही. गार हवा आत शिरली की जमत आलेलं सारण बसकण मारतं.

"या वयात मला पाय भाजायला लावतेय पोरगी," बाबा म्हणाले. दादा खो खो हसला.

"धन्य आहे हो वन्सं तुमची," वहिनी खुर्ची ओढत म्हणाली. "आम्ही सासऱ्यांना पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाही."

"वर्षातून दोनदा येतेस, वहिनी. तेवढे दोन पेले उचलतेस खरी."

"लागलीस का भांडायला?" दादा म्हणाला. "आम्ही तुझ्या भल्याचंच बोलायला आलोय."

धाकटीने खोकं बाबांच्या पुढे आपटलं.

बाबांनी चष्मा चढवला. सगळी हयात त्यांनी घड्याळं दुरुस्त करण्यात घालवली होती. हात अजून थरथरत नव्हते. दूध मापताना त्यांनी वाकून डोळा बरोबर रेघेच्या पातळीवर आणला. अंड्याच्या कवचाचा एक तुकडा भांड्यात पडला, तर दुकानातला जुना चिमटा आणून अलगद बाहेर काढला. धाकटीला बरं वाटलं. जमणार, असं तिला वाटलं. भांडं आत गेलं, तिने गजर लावला आणि तिघांना बजावलं, "हा वाजेपर्यंत कुणीही दार उघडायचं नाही."

ती हात धुऊन येते तर वहिनी ओव्हनमध्ये डोकं घालून उभी.

"वास कसा येतोय ते बघत होते."

"वास बाहेरही येतो, वहिनी!"

थोड्या वेळाने दादाने आच वाढवली. का, तर "लवकर होईल, मला निघायचंय." तिने ती कमी केली. मग बाबांनी दार उघडलं. तिने आठवण करून दिली, तर "हो की, विसरलोच," म्हणाले. ती ताटल्या काढायला वळली, तोवर पुन्हा उघडलं. तिसऱ्यांदा तर दार उघडून ते तसंच धरून उभे राहिले, जसा काही आतून कुणी पाहुणा बाहेर यायचा होता.

गजर वाजला. भांडं बाहेर आलं. कडा तपकिरी झाल्या होत्या आणि मध्ये डबकं होतं. सुरी घातली तर तिच्यावरून पातळ पिवळं पाणी ओघळलं.

"झालं समाधान?" दादाने टेबलावर हात मारला. "पाकिटातलं आयतंसुद्धा जमत नाही त्यांना. आणि तू त्यांना एकटं टाकून निघालीस! लाव मॅडमना फोन आणि नाही म्हणून सांग."

धाकटी बाबांकडे बघत होती. ते चष्मा पुसत होते. त्यांचा चेहरा फजिती झालेल्या माणसाचा नव्हता. मोठं ओझं उतरल्यासारखे त्यांचे खांदे सैल पडले होते.

तिच्या कानशिलात आग उठली.

"खोक्यात अजून अर्धं पीठ आहे," ती म्हणाली. "पुन्हा करा."

"अगं, आता कशाला..."

"पुन्हा करा, बाबा."

बाबांनी पुन्हा दूध मापलं, पुन्हा अंडी फोडली. या वेळी कवचाचा एकही तुकडा पडला नाही. भांडं आत ठेवून झाल्यावर धाकटीने दार लावलं, गजर लावला आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"चटका बसेल," बाबा म्हणाले.

"बसू दे."

"जरा बघू तरी दे, आच बरोबर आहे का."

"नाही."

"वेड लागलंय हिला," दादा म्हणाला. "एवढ्याशा पायासाठी?"

"तू गप्प बस, दादा! मी गेले तर बाबा तुझ्याकडे येतील, या भीतीनं तुझ्या पोटात गोळा आलाय. माझ्या भल्याचं म्हणे!" वहिनीने पदर नसलेल्या ड्रेसवर उगाच काहीतरी सावरलं. धाकटी बाबांकडे वळली. तिचा आवाज खाली आला, आणि तो ऐकायला जास्त वाईट होता. "आणि तुम्ही. दुरुस्त झालेलं घड्याळ तुम्ही खुंटीला लावायचात आणि दिवसभर त्याला कुणाला हात लावू द्यायचा नाहीत. गिऱ्हाईक दारात आरडाओरडा करायचं, तरी नाही. मी लहान असताना एकदा झाकण उघडलं, तर केवढे कडाडला होतात! 'चालू झालंय ना? मग त्याला चालू दे.' तुमच्याकडूनच शिकले मी ते. प्रयोगशाळेत बी रुजत घातलं की मी कपाटाचं दार उघडू देत नाही कुणाला. आणि तुम्ही विसरलात? तीनदा?"

बाबांनी चष्मा टेबलावर ठेवला.

"मग काय करायचं होतं मी?" ते एकदम ओरडले. "जाऊ नकोस म्हणून सांगायचं? बापानं पोरीला? आई गेल्यापासून या घरात रात्री एक भांडंसुद्धा वाजत नाही. तू गेलीस की मी कुणाशी बोलू? त्या ओव्हनशी?"

"सांगायचं होतं की! तोंडावर सांगायचं होतं. मी भांडले असते, रडले असते, पण खरं काय ते कळलं तरी असतं. आपल्याला काही येत नाही असं सोंग करून मला अडकवायचं? जे बिघडलंय ते दुरुस्त करतो म्हणणारे तुम्ही, आणि चांगलं होत असलेलं हातानं बिघडवलंत!"

तिच्या पाठीला धग लागत होती आणि ती हलत नव्हती. दादाला निघायचं होतं, पण मध्येच उठायची त्याची हिंमत होईना.

गजर वाजला. ती बाजूला झाली.

"आता उघडा."

बाबांनी फडक्याने भांडं बाहेर काढलं. वरचा भाग सगळीकडून सारखा, सोनेरी जमला होता. त्यांनी सुरी मधोमध खुपसून बाहेर काढली. ती दुकानातल्या अवजारासारखी लख्ख होती.

"दूध तुम्ही मापलंत, अंडी तुम्ही फोडलीत," धाकटी म्हणाली. "तुम्हाला येतं." ती हे आरोप वाचून दाखवावा तसं म्हणाली.

तिने तिथेच उभं राहून मॅडमना फोन लावला. "हो, मी येतेय," एवढंच सांगितलं आणि ठेवला.

बाबांनी चार तुकडे कापले, अगदी सारखे. पहिली ताटली तिच्यासमोर सरकवली.

"मीठ बरोबर पडलंय का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमचं तुम्ही बघा. पुढच्या महिन्यापासून तुम्हालाच ठरवायचंय."

तिने ताटली उचलली आणि खिडकीशी जाऊन, सगळ्यांकडे पाठ करून खायला लागली. तळ खरपूस होता, मीठ बरोबर पडलं होतं. पाय चांगला झाला होता, आणि तिला सगळ्यात जास्त राग त्याचाच येत होता.