बहिणीची जागा

उपोसथाचा, म्हणजे बौद्धांच्या व्रताचा, दिवस होता, आणि आईला जाऊनही त्याच दिवशी वर्ष होत होतं. बुआलायने पहाटे उठून बुद्धमूर्तीपुढे दिवसभर पाळायची आठ शीलं घेतली, त्यांत खोटं न बोलण्याचं आणि बारानंतर न जेवण्याचंही; चिकट भात आणि आईच्या आवडीची बांबूच्या कोंबांची आमटी डब्यात भरली आणि पांढरे कपडे घालून ती चोमथोंगच्या गाडीतळावर आली. वर डोंगरातल्या उद्यानात विहार आहे. तिथल्या भिक्खूंच्या हाती बाराच्या आत डबा पडला, तरच आईच्या नावाचं दान घडणार. बारानंतर ते घास घेत नाहीत.

वर जाणारी पिवळी गाडी दहा माणसं झाल्याशिवाय हलत नाही. नऊ झाली होती. रिकामी जागा बुआलायच्या शेजारची. तेवढ्यात पाठीवर टोपली घेऊन डोंगरातल्या करेन जमातीची एक आजी आली. टोपलीत खारवलेल्या माशांचं मडकं, त्यातून तपकिरी पाणी ठिबकत होतं. बुआलायने आपल्या शेल्याकडे पाहिलं आणि डबा झटकन शेजारी ठेवला.

"इथं माझी बहीण येतेय, आजी."

"येऊ दे की. मी पायरीवर उभी राहीन."

ड्रायव्हर इन्काकाने माणसं मोजली. "झाले दहा! चला!"

"अरे थांब मेल्या!" आजीच ओरडली. "हिची बहीण यायचीय. मागं राहिली तर कशी येईल बिचारी?"

इन्काका थांबला. अर्धा तास गेला. समोरची बाई हसून म्हणाली, "काय हो, बहीण नटतेय का अजून?" आजी तर रस्त्यावर जाऊन डोळ्यांवर हात धरून बघायला लागली. "कशी दिसते गं? तुझ्यासारखीच गोरी?"

'फोन आला, ती येत नाही' असं सांगून टाकावं, बुआलायच्या मनात आलं. पण एका खोट्यावर दुसरं कसं चढवायचं? आणि तेही आज?

"मला बहीण नाहीये, आजी. कपडे खराब होतील म्हणून बोलले."

गाडीत कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

आजीने शेजारच्या भाजीवालीकडून केळीचं पान मागून आणलं, मडक्याला घट्ट गुंडाळलं आणि ती बुआलायजवळ टेकली. "आधी बोलली असतीस, तर आधीच बांधलं असतं."

विहारापाशी उतरले तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. भिक्खूंची पात्रं धुऊन पालथी पडली होती. बुआलाय डबा घेऊन पायरीवर उभी. आज तिलाही आता खाता येणार नव्हतं.

आजी टोपली सावरत पायवाटेला लागली होती. बुआलाय धावत तिच्यामागे गेली.

"आजी, हे जेवाल? माझ्या आईच्या नावाचं आहे."

आजीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "आई तरी खरी ना?"

"खरी होती."

आजी तिथंच दगडावर बसून जेवली, आमटीचा शेवटचा थेंबसुद्धा बोटाने पुसून. बुआलायने तिच्या हातांवर पाणी घातलं. दानाचं पुण्य गेलेल्या माणसाला पोहोचावं म्हणून पाण्याची धार सोडताना त्याचं नाव घ्यायचं असतं. तिने आईचं घेतलं, पण मान वर न करता.