टाचेवरचा अंगठा

सासू वॉर्डात आली तरी सून जागची हलली नाही, याला काय म्हणावं? 'या' नाही, 'बसा' नाही. बाळाच्या खाटेत एक हात घालून खुशाल बसलेली. घरात या मोठ्या बाई दिसल्या की जावईसुद्धा ताडकन उभे राहायचे, आणि ही?

"आई, डबा तिकडे ठेवा," सून मान वर न करता म्हणाली.

"ठेवते हो. मोलकरीणच ना मी तुझी."

बाई बाळाला तपासायला आलेल्या डॉक्टरणीकडे वळल्या. "माझे दोन्ही मुलगे खाली उभे आहेत. चांगले रेड्यासारखे आहेत. हवं तेवढं रक्त काढा त्यांचं, पण बाळाला चढवा."

"आजी, मांडीतली ती जांभळी गाठ रक्तवाहिन्यांची आहे. क्वचितच होते अशी. रक्त गोठवणाऱ्या पेशी तीच गिळते. बाहेरून दिल्या तर त्याही गिळून आणखी फुगेल. फारच रक्त वाहिलं तर देऊच. औषध चालू केलंय. लागू पडेलच असं आज नाही सांगता येत."

डॉक्टरीण पुढच्या खाटेकडे गेली. बाईंनी उभा जन्म आल्यागेल्याला वाढण्यात घालवला होता. घातलेलं अन्न वैऱ्याच्याच पोटात जातं, हे त्यांना नवीन होतं. राग कुणावर तरी काढायला हवा होता.

"ऊठ, तोंड धू. सोंग आणून बसलीये नुसती!" म्हणत त्यांनी सुनेचं कोपर धरून ओढलं.

सुनेचा हात बाहेर आला. बाळाच्या इवल्याशा टाचेवरचा कापूस बघता बघता लाल झाला.

"सकाळी तपासणीसाठी टोचलं होतं, आई. दाबलेलं सोडलं की परत येतंय."

"सरक, मी धरते." बाईंनी कणीक तिंबावी तसा अंगठा रोवला.

"आजी, इतकं जोरात नको!" नर्स धावली. "तिथंही काळंनिळं होईल. नुसतं धरून ठेवायचं."

नुसतं धरणं त्या हातांना कधी ठाऊकच नव्हतं. अंगठा पुन्हा पुन्हा रुतायला लागला. सुनेनं मधे फट न पडू देता आपला अंगठा खाली सरकवला. सकाळपासून धरून धरून तो पांढराफटक पडला होता, त्याला खळगा पडला होता.

बाईंनी डबा उघडला, घास केला. "आ कर. माझ्याकडे बघू नकोस, बाळाकडे बघ."

खिडकीतला उजेड उतरला. मांडी तशीच टणक, वांग्यासारखी काळीजांभळी. बाळ रडतही नव्हतं.

एवढ्यात मुलगा वर आला आणि बायकोवर खेकसला, "अगं, आई उभी आहे आणि तू बसलीयेस? ऊठ की!"

सून दचकून अर्धी उठली. बाईंनी मुलाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सुनेच्या खांद्यावर हात दाबून तिला खाली बसवलं.

"बस. मी आले तरी उठायचं नाही, यम आला तरी उठायचं नाही. त्याच्याशी काय बोलायचं ते मी बघते."