दोन घरची म्बाफो

बियाफ्राच्या लढाईत गावातल्या अफोच्या बाजारावर विमानानं बॉम्ब टाकले, तेव्हा उगोये सात वर्षांची होती. आता ती बासष्टची, गुडघ्यांनी बेजार झालेली, आणि तिला एकच हवं होतं. तिथं मेलेल्यांच्या आठवणीसाठी बाजारात उभ्या राहणाऱ्या दगडावर आईचं नाव.

गावाच्या मंडळानं प्रत्येक भावकीकडून मेलेल्यांची यादी मागवली होती. काम सोपं होतं, म्हणून तर घोळ झाला. उगोयेची आई म्बाफो सवतीशी भांडून, लेकीला मागे ठेवून माहेरी गेली होती आणि महिन्याभरात बाजारात तेल विकताना त्या बॉम्बखाली मेली. एरवी बाईला ज्या अंगणात पुरतात ते तिचं घर, पण सगळ्यांना तिथंच एका खड्ड्यात पुरलं, त्यामुळे ती कुठल्या घरची हे अंगणातल्या मातीनंही ठरेना.

उगोये आधी वडिलांच्या भावकीत, उमुडिमला गेली. काकांनी पाहुण्यासाठी फोडतात ते कोलाचं फळ फोडलं, तिच्या नातवंडांची चौकशी केली आणि म्हणाले, की घर सोडून गेलेल्या बाईला आमच्या यादीत कसं घालायचं? मग ती आजोळी, अग्बाजाला गेली. तिथंही कोलाचं फळ फुटलं. मामा म्हणाले, लग्न करून दिलेली लेक नवऱ्याच्या यादीत. मोठी अगत्याची माणसं, नाही म्हणतानाही पाहुणचारात कसूर नाही.

उगोये आतून पेटली. पुढच्या बाजारच्या दिवशी तिनं काकांच्या कानावर सहज घातलं, की मामा आईचं नाव देतायत, अग्बाजाची यादी तुमच्याहून मोठी होणार. मामांना जाऊन हेच उलटं सांगितलं. दोघांपैकी एकाला तरी झोंबेल असा तिचा हिशेब होता.

झोंबलं दोघांनाही. दगड कोरून आला तेव्हा मंडळाचे अध्यक्ष ओन्वुका मास्तर मोजून मोजून थकले. मेलेले एकेचाळीस, नावं बेचाळीस. एक घासून काढावं म्हटलं, तर काका म्हणाले आमची सून, आणि मामा म्हणाले आमची लेक. शेवटी मास्तरांनी उगोयेला बोलावलं.

"तूच सांग बाई, कुठलं काढू?"

"कुठलंच नाही, मास्तर. मेली तेव्हा तिला एकही घर नव्हतं. आता दोन झाली, तर तुमचं काय बिघडलं?"

"आकडा चुकतो ना."

"चुकू दे."

दगडाच्या दिवशी नावं वाचली गेली. एकेका नावाला त्या घरचं माणूस उभं राहायचं आणि म्हातारे जमिनीवर माडी ओतायचे. उमुडिमच्या यादीत म्बाफोचं नाव आलं, उगोये उठली आणि बसली. अग्बाजाच्या यादीत ते पुन्हा आलं, तशी ती शेजारणीच्या खांद्याला धरून परत उठली.

"मघाशी एकदा उठली होतीस की," काका पुटपुटले.

पहिल्यांदा ती वडिलांच्या बायकोसाठी उठली होती. आताचं नाव तिला टाकून निघून गेलेल्या बाईचं होतं आणि तिच्यावरचा राग उगोयेनं पंचावन्न वर्षं कुणाला दाखवला नव्हता. माडी मातीत मुरेपर्यंत ती उभी राहिली, आणि सगळ्यांसमोर रडली.