तक्त्याची शेवटची ओळ

दुपारी अमनला ताप आला. तापाच्या सिरपचं खोकं मी खिडकीच्या उजेडात धरलं. वजन आणि माप, असा छोटा तक्ता असतो त्यावर. अमन अकरा किलोचा. त्याच्या ओळीवर बोट ठेवलं, ते चुकून खालच्या ओळीवर सरकलं.

असाच एक तक्ता मंगळवारी मी स्वतः सरकवला असणार.

बेलापूरला विमा कंपनीत होते तेव्हा कमळाकर सरांनी मला संगणकाच्या त्या भाषा शिकवल्या, ज्यांत एका चिन्हानं अख्खा तक्ता हाताळता येतो. त्या भाषांतले जगभरचे प्रोग्राम सर इंटरनेटवर एका जागी जपून ठेवत. कुणीही घ्यावेत, फुकट. मोतीबिंदूनंतर त्यांनी ते भांडार माझ्यावर सोपवलं. दोन वर्षं झाली, पनवेलच्या या खोलीत, अमनला मांडीवर घेऊन मी ते सांभाळतेय.

येणाऱ्या प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर मी ठरलेल्या चार ओळी चिकटवते. नाव, तारीख, परवानगी, आणि चौथी, मोजणी शून्यापासून. या भाषांत पहिल्या ओळीला कुणी एक म्हणतं, कुणी शून्य. आधी सांगावं लागतं. आमच्याकडे बहुतेक शून्यवाले. मंगळवारी अमन किरकिरत होता, म्हणून तीस फाइलींना एकदम चिकटवल्या. न उघडता.

त्यात मुलांच्या औषधाच्या मापाची एक होती. ती आता लॅपटॉपवर उघडली. मूळ प्रतीत लिहिलं होतं, मोजणी एकपासून. माझ्या ओळीनं ते पुसलं होतं. म्हणजे तिसरी ओळ मागितली की चौथी येणार. जड मुलाचा डोस हलक्या मुलाला.

मंगळवारपासून ती फाइल डाउनलोड करणारी एकच होती. फिजीच्या एका बेटावरची नर्स. तिची मेल बुधवारची. ‘आभार. उद्यापासून वॉर्डात वापरू.’ आज शुक्रवार.

फाइल काढून टाकली आणि सरांना फोन लावला. झालेलं सांगितलं, नर्सला मेल लिहितेय म्हटलं.

“मेल कसली लिहितेस?” सर म्हणाले. “सोमवारी वाचेल ती. मेलच्या खाली नंबर असेल, फोन लाव.”

“आणि काय विचारू, सर? कुणाला काही झालंय का?”

“आठ किलोला काय येतंय ते विचार. बाकीचं कळेल.”

अम्मी, माझ्या सासूबाई, अमनच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होत्या. “पोराला औषध देतेस का त्या डब्याला?”

“दोन मिनिटं, अम्मी.”

“तुझी दोन मिनिटं मला ठाव हायत.”

फोन नर्सनंच उचलला. मी कोण ते सांगितलं. “आठ किलोच्या मुलाला तो प्रोग्राम किती माप दाखवतो?”

“थांबा हं.”

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. मागं एक मूल रडत होतं. इतकं मोठ्यानं रडतंय म्हणजे बरं असेल, असं मी स्वतःला सांगत राहिले. मग ते एकदम गप्प झालं.

“वापरलाच नाही आम्ही तो,” ती परत येऊन म्हणाली. “डॉक्टरांना विचारून आले. पहिला मुलगा पंचवीस किलोचा आला. वजन टाकलं, तर अशी ओळच नाही म्हणून प्रोग्राम थांबला. डॉक्टर म्हणाले, बंद करा, भिंतीवरचा कागदच बरा.”

पंचवीस किलो ही तक्त्याची शेवटची ओळ. तिच्याखाली काही नव्हतं, म्हणून प्रोग्राम अडला. पहिलं मूल आठ किलोचं आलं असतं तर? मी तिला विचारलं नाही. तेव्हा तो अडला नसता. गुपचूप आकडा दिला असता, आणि त्यांनी तेवढं औषध पाजलं असतं.

चुकलं माझंच, असं सांगून मी फोन ठेवला. खोकं अम्मींपुढे धरलं.

“अकरा किलोला किती, वाचा जरा.”

“शिकलेली तू ना?”

“तरी वाचा.”

त्यांनी चष्मा लावला, ओळ शोधली, तिच्यावर बोट ठेवलं. “बोट उचलू नका,” मी म्हटलं, आणि मग बाटलीचं झाकण उघडलं.