तेरा माणसं आणि एक गुडघा

इस्पितळाच्या मागच्या लांबट खोलीत कृत्रिम पाय तयार होत. एक भट्टी, समोरासमोर दोन टेबलं, भिंतीला ओळीने टेकवलेले प्लास्टरचे साचे. सासऱ्यांनी हे काम चाळीस वर्षं केलं. त्यांचे हात थरथरू लागले तेव्हा मुलगे पुढे आले नाहीत. ते ट्रक घेऊन महिना महिना रस्त्यावर असत. पुढे आल्या त्या दोघी सुना.

थोरली आधी शिकली. भट्टीत मऊ झालेला प्लास्टिकचा पत्रा साच्यावर एका दमात बसवायचा, थंड व्हायच्या आत कडा दाबायच्या, मग कानशीने घासून गुळगुळीत करायच्या. तिचे पाय साधे, दणकट, वर्षानुवर्षं टिकणारे असत. खोलीतल्या या कारखान्याची घडी तिनेच बसवली होती.

मग धाकटी लग्न होऊन आली आणि तीन वर्षांत कामात तिच्या पुढे निघून गेली. ती साच्याला हात लावण्याआधी माणसाला कुबड्यांवर चालायला लावायची आणि तासभर नुसती बघत बसायची. थोरलीला तो निव्वळ वेळकाढूपणा वाटे. पण धाकटीकडून पाय घेऊन गेलेली माणसं महिन्याने परत येत, तीही मुद्दाम तिला चालून दाखवायला. कुणी पाहुणा आला की सासरे सांगत, "ही आमची धाकटी. हिच्या बोटांना डोळे आहेत."

"मग आम्ही काय आंधळं दळण दळतोय?" थोरली भट्टीकडे तोंड करून पुटपुटे.

तिला स्वतःची लाजही वाटे. धाकटी वाईट असती तर बरं झालं असतं. पण ती सकाळी आधी थोरलीचा चहा ओतायची, आणि शंका आली की "ताई, हे जरा बघता का?" म्हणून विचारायची. द्वेष करायला कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. त्यामुळे तो आतल्या आत जास्तच पोसला.

त्या वर्षी एक बाई आली. विजेच्या खांबांवर चढून तारा जोडायचं तिचं काम. खांब कोसळला आणि उजवा पाय गुडघ्याच्या वरून गेला. सगळे तिला तारवाली म्हणत. धाकटीने तिला दोन तास चालताना पाहिलं आणि शब्द दिला, "वाकेल आणि हवा तिथे घट्ट बसेल असा गुडघा करते तुला. परत खांबावर चढशील."

आठच दिवसांत इस्पितळाची नोटीस आली. कारखान्याचं छत धोक्याचं झालं होतं. दोन महिन्यांनी इमारत दुरुस्तीसाठी आठ महिने बंद. यादीत सव्वीस माणसं होती, सगळी साध्या पायाची. प्रत्येकीचे तेरा धरले तर दोघी मिळून दोन महिन्यांत पुरे करू शकत होत्या. पण गुडघा करायचा तर धाकटीचे दोन्ही महिने त्यातच जाणार.

तिघं टेबलाशी बसले. यादी थोरलीकडे असे. तिने ती पुढे सरकवली.

"एका बाईला खांबावर चढवायचं म्हणून तेरा माणसांना आठ महिने घरात बसवायचं? मामंजी, तुम्हीच सांगा. जास्त लोकांचं भलं कशात आहे?"

"मी तिला शब्द दिलाय, ताई," धाकटी म्हणाली.

"शब्द तू दिलास, भोगायचं या तेरा जणांनी?"

"उद्या शब्द मोडायला प्रत्येक वेळी असे तेरा जण सापडतील. मग आपल्या बोलण्याला काय किंमत राहिली?"

"तुझ्या बोलण्याची किंमत म्हणजे या न्हाव्याचा पाय?" थोरलीने यादीतल्या पहिल्या नावावर बोट ठेवलं. "तीन महिने झाले, दुकान बंद ठेवून बसलाय म्हातारा."

धाकटीने यादी स्वतःकडे ओढून ते नाव वाचलं. थोरली खोटं बोलत नव्हती. फक्त एक गोष्ट तिने सांगितली नाही. धाकटी यायच्या आधी, गिरणीतल्या अपघातानंतर, थोरलीने एकटीने दोन महिन्यांत बावीस पाय केले होते, सुट्टी न घेता. आताही केले असते. तेराचा आकडा तिनेच स्वतःवर घालून घेतला होता.

सासऱ्यांनी थोरलीकडे पाहिलं. त्यांना ते बावीस आठवले असावेत. पण ते एवढंच म्हणाले, "आकडे बरोबर आहेत. आकडे मांडणाऱ्याचं मन मात्र मला मोजता येत नाही, ते तुझं तू बघ. यादी तुझ्याकडे, निर्णयही तुझाच."

"तेरा जण," थोरली म्हणाली.

धाकटीचा चेहरा उतरला. उन्हातून येऊन थंड पाणी प्यावं तसं थोरलीला वाटलं.

सव्वीस पाय वेळेत झाले. न्हावी उभा राहून पुन्हा दाढ्या करू लागला. एका शिक्षिकेने जिने चढून वर्ग गाठला. त्यांना चालताना पाहून थोरलीला आनंद व्हायचा, पण तो टिकत नसे; नजर फिरून धाकटीच्या टेबलाकडे जाई. धाकटी आता साधे पाय करत होती, मान खाली घालून, आणि कुणी तिची तारीफ करत नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात तारवाली आली. थोरलीनेच तिला साधा, न वाकणारा पाय बसवून दिला. खांबावरची जागा दुसऱ्याला मिळाली होती; तिला तक्रारींचे फोन घ्यायला बसवलं होतं.

"दिवसभर लोक ओरडतात, लाइट कधी येणार," ती हसत म्हणाली. "कुठली तार सैल असेल ते मला इथे बसून कळतं, पण जाता येत नाही." मग पट्टा आवळताना म्हणाली, "मला सगळं सांगितलं धाकट्या बाईंनी. तुमच्या जागी मी असते तरी हेच केलं असतं. तेरा म्हणजे तेरा."

थोरलीला वाटलं, ही शिव्या देती तर सोसलं असतं.

सामान बांधायच्या दिवशी साचे कागदात गुंडाळताना ती धाकटीला म्हणाली, "मी एकटी बावीस करू शकत होते. तू यायच्या आधी केले होते. उरले असते ते चारच."

धाकटीचा हात थांबला. "मग सांगितलं का नाही?"

"तुझा गुडघा होऊ नये म्हणून. मामंजी तुझं नाव घेतात ना, ते मला सोसत नाही. पहिल्या दिवसापासून."

धाकटीने हातातला साचा खाली ठेवला. "न्हावीबाबांना चालण्याशी मतलब," ती म्हणाली. "तुमच्या मनात काय होतं ते विचारायला ते येणार नाहीत. पण मी तुमच्याबरोबर एका घरात राहते, ताई. मला फरक पडतो."

पंधरा दिवस ती कामापुरतं बोलली. चहा फक्त आपल्यापुरता ओतू लागली. सोळाव्या दिवशी थोरलीने घराच्या गच्चीवरची खोली रिकामी केली, टेबल वर चढवलं, कानशी मांडल्या आणि खाली येऊन म्हणाली, "गुडघा कर. मी हाताखाली काम करते. तू सांगशील तसं."

"तुमच्यासाठी नाही करणार," धाकटी म्हणाली. "तिच्यासाठी करीन."

गच्चीवर भट्टी नव्हती; दोन महिन्यांच्या कामाला सहा महिने लागले. दोन सांधे फुकट गेले. ज्या थोरलीने कारखान्याची घडी बसवली, ती आता धाकटीच्या तोंडून ऐके, "ताई, अजून अर्धा केस घासा. नाही, जास्त झालं, टाका हा." एकदा तर तिने कानस आपटली आणि जिना उतरून गेली. तासाभराने परत चढली. धाकटीने तिची जागा तशीच ठेवली होती.

वीज कंपनीच्या आवारात शिकाऊ लोकांसाठी एक खांब होता. तारवाली कमरेचा पट्टा लावून त्यावर चढली. गुडघा वाकला, घट्ट बसला, पुन्हा वाकला. थोरली त्या गुडघ्याकडेच बघत होती. खाली कंपनीचे साहेब म्हणाले, जुनी जागा आता देता येणार नाही, पण नव्या लोकांना चढायला शिकवायचं काम देऊ. तारवालीने उतरल्याबरोबर धाकटीला मिठी मारली. "तुमच्या हातांमुळे!"

"ताईंनीही केलाय," धाकटी म्हणाली.

"हो का? छान," तारवाली म्हणाली, आणि परत धाकटीकडे वळली.

थोरलीला तोच जुना मत्सर डसला, जराही कमी नाही. ती दोन पावलं पुढे गेली, तारवालीपुढे खाली बसली आणि म्हणाली, "पाय दाखव. चढताना कुठे घासतंय का?"

"घासतंय," तारवाली म्हणाली. "इथे, आतल्या बाजूला."

"मग सांगायचं ना," म्हणत थोरलीने खिशातली पेन्सिल काढली आणि त्या जागेवर खूण केली.